तीच चूक तिसऱ्यांदा होते तेव्हा

संघ लागोपाठ चार सामने हरला की फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एका तटाच्या मते प्रशिक्षकाला घरी पाठवले की सारे सुरळीत होईल. दुसऱ्याच्या मते खेळाडूंच्याच अंगात दम उरलेला नाही, तिथे प्रशिक्षक बिचारा काय करणार. तेरेखोल नदीच्या अलीकडे, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात, तसे राज्य टेनिस बॉल क्रिकेटचे आणि कबड्डीचे. पण बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले, शिरोडा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी नोकरीधंद्यानिमित्त म्हापसा, पणजी किंवा मडगावला जाऊन-येऊन असते, आणि त्यांच्यासोबत नदीपलीकडचे फुटबॉलवेडही अलीकडे येते. त्यामुळे हा वाद आमच्याकडेही पडवीत बसून, चहा निवेपर्यंत चालतो. आमचे एक मामा, ज्यांची उमेदीची वर्षे गोव्यातल्या नोकरीत आणि तिथल्या मैदानांच्या कडेला गेली ते, ठामपणे प्रशिक्षकाच्या बाजूचे. “बॉल काय कोच मारता? पोरांचे पाय हलनत नाय, तेका कोच काय करतलो?” हा त्यांचा नेहमीचा सवाल. त्यावर भाचा विचारतो, “मगे त्या पोरांका निवडता कोण, मामा?”

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, पण दोघेही एकेक सामना सुटा धरून बोलतात, आणि मला वाटते घोळ तिथेच होतो. दोष कोणाचा, हे एका पराभवावरून ठरत नाही. काय पुन्हा पुन्हा घडते आहे आणि कोण बदलल्यावरही ते थांबत नाही, यावरून ठरते. बचावपटूचा पाय घसरून गोल झाला, तर तो दोष त्या बचावपटूचा. तसाच गोल त्याच जागेवरून तिसऱ्यांदा झाला, तर तो प्रशिक्षकाचा, कारण मधल्या काळात सराव, निवड आणि रचना या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात होत्या. आणि तीन प्रशिक्षक येऊन गेले तरी तोच गोल होत राहिला, तर मग संघ बांधणाऱ्यांकडे, म्हणजे मालक, संचालक किंवा महासंघाकडे पाहावे लागते. ही मंडळी सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत कधी बसत नाहीत, म्हणून चाहत्यांच्या शिव्याही त्यांच्या वाट्याला कमीच येतात.

इंग्लंडमधल्या दोन क्लबांची हकीकत या दृष्टीने तपासण्यासारखी आहे, कारण ती एकमेकांत गुंतलेली आहे. जोसे मोरिन्यो यांच्या चेल्सीने २०१४-१५ची प्रीमियर लीग जिंकली आणि पुढच्याच हंगामात सोळापैकी नऊ सामने गमावून तो संघ सोळाव्या क्रमांकावर जाऊन बसला. शेवटचा घाव घातला तो लेस्टर सिटीने, १४ डिसेंबर २०१५ रोजी, २-१ असा. त्या रात्री मोरिन्यो यांनी आपल्या कामाशी दगा झाल्याची भाषा केली आणि तीन दिवसांत त्यांची गच्छंती झाली. (लेस्टरचे प्रशिक्षक होते क्लॉडिओ रानिएरी, ज्यांना २००४ मध्ये हटवून चेल्सीने याच मोरिन्यो यांना आणले होते. फुटबॉलला असले योगायोग आवडतात.) मोरिन्यो गेल्यावर चेल्सीने पुढचा सामना घरच्या मैदानावर सहज जिंकला आणि प्रेक्षकांनी आपल्याच काही खेळाडूंची हुर्यो उडवली. त्यांचा हिशेब सरळ होता: कालपर्यंत न पळणारे पाय आज कसे पळाले?

मलाही त्या वेळी तो हिशेब पटला होता, पण एडन हझार्डच्या गोलांकडे पाहिले की तो इतका सरळ राहत नाही. विजेतेपदाच्या हंगामात लीगमध्ये चौदा गोल करणारा आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस पुढच्या हंगामात लीगमधला पहिला गोल करतो तो २०१६च्या एप्रिलमध्ये. मोरिन्यो जाऊन तोवर चार महिने झाले होते आणि संघ गुस हिडिंक यांच्या हाती होता. केवळ प्रशिक्षकावरच्या रागातून हझार्ड खेळत नव्हता, असे म्हणायचे तर राग गेल्यानंतरच्या या चार महिन्यांचे काय करायचे? दुखापत होती, थकवा होता, हरवलेला सूर होता. खेळाडूने अंग चोरले असा आरोप आपण फार चटकन करतो, कारण प्रेक्षागृहातून दुखणे दिसत नाही आणि आळस मात्र दिसल्यासारखा वाटतो.

त्याच उन्हाळ्यात अंतोनियो काँते चेल्सीत आले आणि लेस्टरला विजेतेपद मिळवून देण्यात ज्याचा सिंहाचा वाटा होता तो एनगोलो काँते हा मध्यरक्षकही आला. आडनावे कानाला सारखी लागली तरी माणसे दोन, एक इटालियन आणि एक फ्रेंच. मामांचा तट इथे म्हणेल की पाहा, खेळाडू बदलला आणि नशीब बदलले. पण २४ सप्टेंबर २०१६ रोजी आर्सेनलने चेल्सीला ३-० असे धुतले तेव्हा हा मध्यरक्षक मैदानात होताच. त्या सामन्याच्या उत्तरार्धात प्रशिक्षकांनी मागे तीन बचावपटू ठेवण्याची रचना आणली, पुढच्या सामन्यापासून ती कायम केली, आणि तिथून चेल्सीने लीगचे तेरा सामने ओळीने जिंकले. हंगाम संपला तेव्हा खात्यात ९३ गुण आणि विजेतेपद होते, आणि हझार्डच्या नावावर लीगमधले सोळा गोल होते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त भावते ती व्हिक्टर मोझेसची गोष्ट. सलग तीन हंगाम दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला हा खेळाडू नव्या रचनेत उजव्या कडेला, धड बचावपटू नाही आणि धड आघाडीवीर नाही अशा जागी उभा राहिला आणि विजेत्या संघाचा नियमित घटक झाला. तो एका वर्षात एकाएकी गुणवान झाला नव्हता. त्याच्यातल्या गुणांना साजेशी जागा कोणीतरी शोधली, आणि प्रशिक्षकाने पगार घ्यायचा तो याच कामाचा.

दुसरी बाजू लेस्टरची. २०१५-१६चे विजेते फेब्रुवारी २०१७ मध्ये सतराव्या क्रमांकावर होते, पदावनतीच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या, काठावर, आणि त्या वर्षात लीगमध्ये त्यांनी तोवर एकही गोल केलेला नव्हता. २३ फेब्रुवारीला रानिएरी यांना काढले गेले. चारच दिवसांनी त्याच संघाने लिव्हरपूलला ३-१ असे हरवले, आणि डिसेंबरपासून लीगमध्ये गोल न केलेल्या जेमी वार्डीने त्यात दोन गोल मारले. इथे मात्र मी खेळाडूंना माफ करू शकत नाही. त्या रात्री रचना जुनीच होती, माणसे जुनीच होती, चेंडू मागून लांब टाकायचा आणि वार्डीने त्यामागे धावायचे ही चालही जुनीच होती. नवे होते ते फक्त धावणे. चार दिवसांत कोणताही प्रशिक्षक संघाला नवी विद्या शिकवू शकत नाही. त्यामुळे त्या आधीच्या दोन महिन्यांच्या खेळाचा दोष कोणाच्या पदरी घालायचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही एनगोलो काँतेच्या जाण्याने मध्यभागी पडलेले खिंडार रानिएरींना बुजवता आले नव्हते, हेही तितकेच खरे, आणि ते खिंडार खेळाडू विकणाऱ्या क्लबने पाडलेले होते.

आता हकालपट्टीनंतर येणाऱ्या या तेजीबद्दल थोडे. हॉलंडच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षक-बदलांचा अभ्यास बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने केला. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतात हे त्याला दिसले. पण तितकीच घसरण होऊनही ज्या संघांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही जवळजवळ तितकेच सावरले होते. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. जाळी पंधरा दिवस रिकामी येतात म्हणून मालकाने तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बदलावा आणि सोळाव्या दिवशी बांगड्याचा थवा लागावा, तर गावभर नव्या तांडेलाचे नाव होते. बांगडा मात्र जुन्या तांडेलालाही लागलाच असता. लिव्हरपूलने २०२१च्या सुरुवातीला घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने गमावले. क्लबच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते, आणि त्याआधी याच मैदानावर लीगमधले ६८ सामने ते अपराजित होते. व्हर्जिल व्हॅन डाइकसह मुख्य मध्य-बचावपटू जखमी होते आणि बचाव नवख्या पोरांवर आला होता. क्लबने युर्गन क्लॉप यांना हात लावला नाही. शेवटचे पाच सामने जिंकून संघ तिसरा आला. तेव्हा नवा प्रशिक्षक आणला असता तर आज त्या सावरण्याचे सारे श्रेय त्याच्या नावावर असते.

मोठ्या क्लबांच्या गोष्टी दूरच्या वाटतात, म्हणून एक जवळची सांगतो. आमच्या वाडीतली पोरे पावसाळा संपल्यावर आसपासच्या गावांतल्या स्पर्धांना उतरतात. त्यांना शिकवतात ते एक निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात. गेल्या हंगामात या संघाने एकसारखे कॉर्नरवर, म्हणजे कोपऱ्यातून आत मारलेल्या चेंडूवर, गोल खाल्ले. चेंडू उंच यायचा, गोलरक्षक दोन पावले पुढे यायचा, मग थबकायचा, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून मागच्या खांबापाशी पडायचा, जिथे प्रतिस्पर्ध्याचा कोणीतरी मोकळा उभा असायचा. पालकांनी सरांना बोल लावला, सरांनी गोलरक्षकाला, गोलरक्षकाने मागच्या खांबावर न थांबणाऱ्या मित्राला. “मागे कोण ऱ्हवाकच नाय, मी एकटो काय करू?” असे तो रडवेला होऊन म्हणाला होता.

माझ्या कसोटीप्रमाणे तीच चूक तिसऱ्यांदा झाली म्हणजे दोष सरांचा, आणि मीही तसेच धरून चाललो असतो. पण एका संध्याकाळी त्यांचा सराव पाहायला गेलो. सराव चालतो तो समुद्राच्या पुळणीवर, ओहोटीला, वाळू ओली आणि टणक असताना. गोल म्हणून दोन वासे रोवलेले, आणि त्या दोन वाशांवर आडवे काहीच नाही. पोरगा इतकी वर्षे आडवी दांडी नसलेल्या गोलात उभा राहत आला आहे. उंच चेंडू आत जाणार की वरून जाणार, हे त्याला सरावात कधी ठरवावेच लागलेले नाही, कारण तिथे ‘वरून गेला’ हा नुसता वादाचा विषय असतो. शिवाय मागच्या खांबावर ज्याने थांबायचे तो मित्र रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला बोलावणे आले की सरावाला नसतोच. घरचा धंदा आहे, त्याला दोष कोण देणार. सरांनी आडव्या दांड्यासह खांब मिळावेत म्हणून ठिकठिकाणी मागणी केली होती, तिला कोणी दाद दिली नाही. त्या कॉर्नरचा दोष मी मैदानात शोधत होतो आणि तो होता मैदानाबाहेर, न आलेल्या दोन लोखंडी चौकटींत.

याच नजरेने मँचेस्टर युनायटेडकडे पाहावे असे मला वाटते. सर अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाल्यानंतर डेव्हिड मॉयेस, लुई व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलस्कियार, एरिक टेन हाग आणि रुबेन अमोरिम असे एकामागून एक कायमस्वरूपी म्हणून नेमलेले प्रशिक्षक येत राहिले. एकाची रीत दुसऱ्याशी जुळत नव्हती, आणि प्रत्येकाच्या मर्जीने किंवा त्याच्या काळात विकत घेतलेले खेळाडू पुढच्याच्या गळ्यात पडत गेले. २०२४-२५ मध्ये संघ ४२ गुणांसह पंधरावा आला. अमोरिम यांचा तीन बचावपटूंचा हट्ट यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. मध्यभागी दोनच माणसे ठेवून समोरच्या तिघांशी झुंजायचे असेल तर एनगोलो काँतेसारखी अखंड धावणारी पावले लागतात, आणि ती त्यांच्याकडे नव्हती. अंतोनियो काँते यांच्या चेल्सीला ज्या साच्याने विजेते केले, बव्हंशी तोच साचा इथे गळका ठरला. आता याची दुसरी बाजू पाहा. युनायटेडने ऑगस्ट २०२४ मध्ये स्कॉट मॅकटॉमिनेला नापोलीला विकले. तो इटलीत पहिल्याच हंगामात लीगमधले बारा गोल करून विजेत्या संघात होता आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा उपयोग काय, हे आधीच्या प्रशिक्षकांपैकी एकालाही कळले नाही असे मानणे मला जड जाते. खेळाडू वाईट नव्हता, सगळे प्रशिक्षकही अडाणी नव्हते. कोणत्या पद्धतीचा संघ हवा हे न ठरवता बाजाराला गेलेला क्लब होता.

गोव्यातले उदाहरण याच्या नेमके उलटे आहे. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने जानेवारी २०२०च्या अखेरीस सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला, तोही संघ चांगला खेळत असताना. उरलेल्या सामन्यांत क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली त्याच खेळाडूंनी साखळी फेरीत अव्वल राहून शील्ड जिंकली. यावरून प्रशिक्षक कोण यास महत्त्व नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. पण पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीत गेले, त्यांच्यापाठोपाठ मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हेही गेले, आणि मुंबईने त्या एकाच हंगामात साखळी फेरीची शील्ड आणि बाद फेरीचा चषक दोन्ही पटकावले. तिथे श्रेयाची वाटणी कशी करायची हे मला आजवर सुचलेले नाही, आणि कोणी ती करूही नये.

राहिला भारतीय संघ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्धचा सामना पाहायला आमच्याकडून बरेच जण गेले होते, मीही होतो. भारताच्या चांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी केली, उत्तरार्धात दुसरा गोल केला, आणि २-१ अशा पराभवाबरोबर २०२७च्या आशियाई चषकाची भारताची वाट बंद झाली. उरलेला अर्धा तास आपले खेळाडू चेंडू कडेपर्यंत नेत होते, तिथून आत टाकत होते, आणि आत तो घ्यायला कोणी नव्हते. परतीच्या गाडीत भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या नावाने जो उद्धार चालला होता, त्यात मी भर घातली नाही, कारण हेच चित्र मी आधी पाहिले होते. आधीचे प्रशिक्षक इगोर स्तिमाच यांच्या संघाने २०२३च्या आशियाई चषकात, जो प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये झाला, तिन्ही सामने गोल न करता गमावले. त्यांच्यानंतर आलेल्या मनोलो मार्केझ यांच्या आठ सामन्यांत विजय एकच, तोही मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण लढतीत. जुलै २०२३ मध्ये फिफाच्या क्रमवारीत ९९व्या स्थानी असलेला संघ दोन वर्षांत १३३व्या स्थानावर आला.

स्तिमाच यांचे काही चुकले नाही असे मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून झालेल्या २-१ या पराभवाला पांघरूण घालता येत नाही. पण तीन प्रशिक्षक आणि एकच दुखणे: गोल करणारा नाही. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. तेही उगाच नाही, कारण २०२४-२५च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता. क्लब आघाडीला बहुतेक परदेशी खेळाडू लावतात. वर्षभर बाकावर किंवा कडेला असलेल्या तरुणाला राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आठ-दहा दिवसांच्या शिबिरात गोल करायला कसा शिकवणार? त्यातही जमील यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सूत्रे घेतली तेव्हा लीगच्या हक्कांचा करार अडकल्याने देशात लीगच सुरू नव्हती. त्या अवस्थेत त्यांनी मध्य आशियाई संघटनेच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला होता, हे फातोर्ड्याच्या रात्री कोणाला आठवले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला बांगलादेशने भारताला १-० असे हरवले, आणि पडवीतला वाद पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाला. मामांना मी एवढेच म्हटले की जमील यांचा हिशेब मी मांडीन, पण दोन गोष्टी आधी कळू द्या: त्यांना सलग किती दिवस खेळाडू मिळाले, आणि त्यांच्या आघाडीवीरांपैकी किती जण आपल्या क्लबात त्याच जागेवर खेळतात. मामा म्हणाले, “ता महासंघाक विचार.” तेच तर माझेही म्हणणे आहे.